दीडशे रुपयांचा चार्जर आणि सातबाऱ्यावरचा भात

२०२५ च्या खरिपातली गोष्ट. ई-पीक पाहणीचे दिवस होते आणि चार दिवसांच्या झडीनंतर पावसाने जरा उघडीप दिली होती. डोळखांब भागातल्या एका पाड्यावर, भाताच्या खाचरात आम्ही उभे होतो. शेतकऱ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोन काढला, ॲप उघडले, गट क्रमांक निवडला. आता बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा एवढेच उरले होते, आणि फोन विझला.

"रातभर लावला व्हता साहेब चार्जिंगला," काका कळवळून म्हणाले.

घरी जाऊन बघितले. चार्जर हाताला चटका बसेल इतका गरम. खोक्यावर मोठ्या अक्षरात '६५ वॅट सुपर फास्ट'. मुलाने ऑनलाइन मागवलेला, १४९ रुपयांना, छापील किंमत १,९९९ खोडून. फोन पुन्हा लावला, अर्धा तास बसलो, चहा झाला, आणि अर्ध्या तासात चार टक्के चढले. तोवर पाऊस पुन्हा सुरू झाला. त्या दिवशीची पाहणी राहिली ती राहिलीच.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा चार्जरवर वर्तमानपत्राची जागा कशाला खर्च करायची? तर हिशेब करून बघा. आधारभूत भावाने धान विकायला नोंदणी करताना चालू हंगामाचा सातबारा मागतात आणि त्यावर भाताची नोंद आहे का ते पाहतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण प्रतीच्या धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये जाहीर झाला. वीस क्विंटल भात घालणाऱ्या शेतकऱ्याचे ४७,३८० रुपये त्या एका नोंदीवर अडतात. शेतकऱ्याने पाहणी केली नाही तर नंतर सहायकामार्फत ती होते हे खरे, पण मग आपला गट त्याच्या यादीत आहे का, तो आला कधी, त्याने काय लिहिले, या चौकशीला पुन्हा तालुक्याला खेटे. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, लागतो. महाडीबीटीचा अर्ज, पीएम किसानची ई-केवायसी, बँकेचा ओटीपी, सगळे त्या फोनवर येऊन बसले आहे. पूर्वी सातबारा, खातेपुस्तिका पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवत. आता पेटी म्हणजे फोन, आणि तिची किल्ली म्हणजे चार्जर.

हा माल एवढा स्वस्त कसा?

शेतकऱ्याला चार्जर विकत घ्यायची वेळ का आली, हे आधी सांगतो. २०२० च्या ऑक्टोबरात ॲपलने फोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला. पर्यावरणाचे कारण दिले. मागोमाग इतर कंपन्यांनीही काही फोनबाबत तेच केले. फोन तेवढाच महाग, चार्जर मात्र वेगळा घ्यायचा. कंपनीचा चांगला चार्जर हजार-दीड हजाराच्या घरात जातो. ज्याने दहा हजारांचा फोन हप्त्याने घेतला तो हजाराचा चार्जर कुठून घेणार? तो फोनवर 'चार्जर' असे टाईप करतो आणि समोर दीडशे-दोनशेच्या मालाची रांग लागते. पैसे माल हातात आल्यावर द्यायचे, म्हणजे बुडायची भीतीही नाही असे वाटते.

आपल्या भागात हा माल यायला वेळही लागत नाही. या कंपन्यांची मोठाली गोदामे भिवंडी-पडघ्याला, म्हणजे आपल्या शेजारीच आहेत. वासिंद-आसनगावच्या माणसाला गोदाम दिसते, मालही दिसतो, फक्त माल विकणारा माणूस दिसत नाही. तो बसलेला असतो दिल्लीला नाहीतर सुरतेला, आणि पुष्कळदा त्याने तरी तो चार्जर कुठे बनवला आहे! सुटे भाग बाहेरून, जुळणी कुठेतरी, नाव आपल्या मनाचे. उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'चा विनोद आपल्या जिल्ह्यात जुना आहे. फरक इतकाच की तेव्हा माल घेऊन पस्तावलेला माणूस लोकलने दुकानापर्यंत जाऊन भांडून तरी येत असे.

दुकानाचे भाडे वाचले, मधले दोन व्यापारी वाचले, म्हणून काही स्वस्ताई खरीच असते, हे मान्य करायला हवे. पण चारशेचा माल दीडशेत येतो तेव्हा भाडे वाचलेले नसते, आतले काहीतरी वाचवलेले असते. काय वाचवतात ते बघू.

चार्जरचे काम भिंतीतल्या २३० व्होल्टचे ५ किंवा ९ व्होल्ट करणे. आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याची एक बाजू भिंतीकडची, दुसरी फोनकडची, आणि या दोन्हींमध्ये ठरावीक अंतर व ठरावीक जाडीचे आवरण ठेवावे लागते. फ्यूज लागतो. दोन्ही बाजू जोडणारा कपॅसिटर सुरक्षित प्रकारचाच लागतो. हलका माल बनवणारा नेमक्या याच ठिकाणी हात आखडता घेतो: फ्यूज गाळतो, अंतर कमी करतो, साधा कपॅसिटर घालतो. बाहेरून दोन्ही चार्जर सारखेच पांढरे, सारखेच चकचकीत. शहरातल्या कोरड्या घरात, व्यवस्थित अर्थिंग असलेल्या जोडणीवर तो वर्ष-दोन वर्षे निभतोही. आपल्याकडे काय परिस्थिती? पावसाळ्यात भिंतीला ओल, शेणाने सारवलेली जमीन, अनवाणी पाय, अर्थिंगच्या नावाने आनंद, आणि वीज कधी दिव्यापुरतीसुद्धा नाही तर कधी एकदम उसळलेली. अशा वेळी आतले आवरण फुटले तर २३० व्होल्ट सरळ तारेतून हातातल्या फोनपर्यंत येतात. चार्जिंगला लावलेल्या फोनला बोट लावले की मुंग्या येतात, असे सांगणारे कितीतरी लोक मला भेटतात आणि हसून सांगतात. त्यात हसण्यासारखे काही नाही. तो चार्जर त्याच दिवशी काढून टाकावा. पोरे उशाला फोन लावून झोपतात, त्या घरात तर नक्कीच.

बियाण्याचा टॅग बघता, मग हा का नाही?

आम्ही कृषी खात्यातली माणसे दर मे-जून महिन्यात गावोगाव एकच पाढा म्हणतो. बियाणे घेताना पक्की पावती घ्या, पिशवीवरचा लॉट नंबर बघा, टॅग फाडू नका, पिशवी आणि थोडे बियाणे कापणी होईस्तोवर जपून ठेवा. शेतकऱ्यांना आता ते पाठ झाले आहे. म्हशाच्या यात्रेत बैल घेताना तर कोणाला शिकवावेच लागत नाही. दात बघतात, खांदा बघतात, चालवून बघतात. तोच माणूस चार्जर घेताना फक्त किंमत आणि चांदण्या बघतो. या चांदण्या म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकांनी दिलेले शेरे. त्यातले बरेच माल हातात पडल्या पडल्या दिलेले, 'छान आहे, वेळेत आला' अशा थाटाचे. पेरणीच्या दिवशी बियाण्याला शाबासकी देण्यासारखे आहे हे.

चार्जरलाही टॅग असतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. केंद्र सरकारने २०१२ साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. फोनचे चार्जर, संगणकाचे ॲडाप्टर, पॉवर बँक, बॅटरी हा माल भारतीय मानक ब्युरोकडे नोंदल्याशिवाय विकता येत नाही. नोंदणी झालेल्या मालावर मानक ब्युरोची खूण आणि तिच्याखाली इंग्रजी 'आर' अक्षर, आडवी रेघ व आठ अंकी क्रमांक असतो. आपल्या ओळखीचा आयएसआयचा शिक्का तो हा नव्हे, ही खूण वेगळी. 'सीई' अशी दोन अक्षरे बघून काही जण समाधान मानतात. ती युरोपातली खूण, आणि बहुतेक वेळा बनवणाऱ्याने स्वतःच लावलेली. आपल्याकडे ती नोंदणीचा पुरावा होत नाही.

आर-क्रमांक खरा की खोटा हे फोनवरच कळते. मानक ब्युरोचे 'बीआयएस केअर' नावाचे फुकट ॲप आहे. त्यात हा क्रमांक टाकला की बनवणाऱ्याचे नाव, मालाचा प्रकार आणि नोंदणी चालू आहे की नाही ते दिसते. ॲपमध्ये दिसणारे नाव आणि खोक्यावरचे नाव जुळते का तेवढे बघा, कारण दुसऱ्याचा क्रमांक उचलून छापणारेही आहेत. काकांच्या चार्जरवर क्रमांक होता, ॲपमध्ये टाकला तर काहीच सापडले नाही.

मार्च २०२५ मध्ये मानक ब्युरोने दिल्ली, गुरुग्राम, लखनौ इथल्या मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या गोदामांवर छापे घालून प्रमाणपत्र नसलेला माल जप्त केला. गिझर, मिक्सर, खेळणी असे बरेच काही त्यात होते. म्हणजे नामांकित कंपनीच्या ॲपवर दिसला म्हणून माल तपासलेला असेलच, असे धरून चालता येत नाही. ती कंपनी बाजार भरवते. बाजारात कोण काय विकतो हे बाजार समितीने बघावे, पण तोवर आपले डोळे उघडे हवेत.

पॉवर बँकेची परीक्षा तर त्याहून सोपी, ती किराणा दुकानाच्या काट्यावर होते. 'पन्नास हजार एमएएच' असे लिहिलेली पॉवर बँक चारशे रुपयांत मिळते. आत लिथियमच्या बॅटऱ्या असतात आणि त्यांना वजन असते. नेहमीची गोल बॅटरी साधारण ४५ ग्रॅमची, तिच्यात फार तर साडेतीन हजार एमएएच मावतात. वीस हजारांसाठी अशा सहा लागतात, म्हणजे नुसत्या बॅटऱ्याच २७० ग्रॅम. खोके, पट्टी धरून वीस हजारांची पॉवर बँक साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास आणि दहा हजारांची दोनशेच्या आसपास भरायला हवी. टोकावड्याच्या बाजूच्या एका तरुणाने अशी 'पन्नास हजारवाली' मला मोठ्या कौतुकाने दाखवली. दुकानात जाऊन काट्यावर ठेवली तर १८० ग्रॅम. दुकानदारच म्हणाला, "अरे दादा, यात भुस्सा भरलाय." आणि खरी वीस हजारांची असली तरी पाच हजारांचा फोन चार वेळा नव्हे, तीन वेळाच भरते. व्होल्ट वाढवताना मधे तूट येते. खोक्यावर बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून बारा-तेरा हजारांचा आकडा लिहिलेला असेल तर तो प्रामाणिकपणा समजावा.

फुगलेली पॉवर बँक घरात ठेवू नये. उकिरड्यावर किंवा राब भाजताना कवळात तर मुळीच टाकू नये. लिथियमची बॅटरी आगीत फुटते.

ग्रामपंचायतीच्या टेबलावर

शेतकऱ्यांनाच का बोला? कार्यालयांतही तेच चालले आहे. मुरबाड तालुक्यातल्या एका गावात संगणक चालकाने एक टीबीचा पेन ड्राइव्ह पाचशे रुपयांत मागवला आणि घरपट्टीच्या याद्या, दाखल्यांच्या प्रती, फोटो असे वर्षभराचे काम त्यावर उतरवून ठेवले. संगणक दाखवत होता की हजार जीबीची जागा आहे. पुढे मूळ संगणक बिघडला आणि पेन ड्राइव्ह लावला, तर फायलींची नावे दिसतात पण उघडत एकही नाही. होते काय की, आत ३२ जीबीची चिप असते आणि तिच्या नियंत्रकाला 'मी हजार जीबीची आहे' असे खोटे बोलायला शिकवलेले असते. संगणक बिचारा सांगितले ते मानतो. ३२ जीबी भरले की पुढचा माल जुन्यावर पडतो नाहीतर हवेत जातो. दहा किलोच्या गोणीवर पन्नास किलो छापावे, तसे. खरा एक टीबीचा पेन ड्राइव्ह काही हजार रुपयांना पडतो. नवा आणलेला ड्राइव्ह पहिल्याच आठवड्यात काठोकाठ भरून फायली उघडून बघाव्यात, आणि परत करायची मुदत संपायच्या आत बघाव्यात.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आधारला जोडायचे बोटाच्या ठशाचे यंत्र नोंदणीकृत प्रकारचेच लागते. जुन्या 'एल-झिरो' प्रकाराची यंत्रे टप्प्याटप्प्याने बाद करून 'एल-वन' प्रकार आणण्याचे धोरण आहे. तेव्हा अर्ध्या किमतीत यंत्र दिसले तर आधी प्रकार विचारा. वापरलेले यंत्र घेऊ नका. ते दुसऱ्याच्या नावाने नोंदलेले निघाले तर पैसे गेले आणि रांगेतले म्हातारे लोक तिष्ठत बसले.

कार्यालयाची खरेदी असली की जीएसटी क्रमांकाचे बिल आणि जडवस्तू नोंदवहीतली नोंद हवीच. कर्मचाऱ्याने स्वतःच्या ॲपवरून स्वतःच्या नावाने मागवले, तर लेखापरीक्षणात ते कोणत्या तोंडाने दाखवणार? ग्रामसेवक मंडळी (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) माझ्यापेक्षा हे चांगले जाणतात, तरी सांगून ठेवतो.

मग ऑनलाइन घेऊच नये का? माझे मत तसे नाही. तालुक्याच्या नाक्यावर टोपलीत जे चार्जर ठेवलेले असतात ते काही वेगळ्या खाणीतून आलेले नसतात. बहुतेकांवर आर-क्रमांक नाही आणि बिल मागितले तर दुकानदार चमकून बघतो. ऑनलाइन खरेदीत निदान ऑर्डर क्रमांक, तारीख, विकणाऱ्याचे नाव एवढे तरी राहते, आणि पुढे भांडायला तेच उपयोगी पडते. माझी वाटणी अशी: जे भिंतीतल्या विजेला लागते किंवा ज्यात बॅटरी आहे ते आर-क्रमांक आणि बिल असल्याशिवाय घेऊ नये, मग दुकान असो की ॲप. ज्यात आपला कागदपत्रांचा साठा राहणार ते नावाजलेल्या कंपनीचेच घ्यावे. बाकी कव्हर, स्टँड, माऊस, पावसाळी पिशवी, काचेचा पापुद्रा हे खुशाल स्वस्तातले घ्या. मोडले तर शंभर रुपये गेले, दुसरे काही नाही. मीही घेतो.

माल खराब निघाला तर

आपली खरी अडचण इथे आहे. ४२१६०१ आणि ४२१४०१ हे पिनकोड ॲपला चालतात, पण माल पाड्यावर येत नाही. पोऱ्या फाट्यावरच्या दुकानात पार्सल ठेवून जातो. आपण ते दोन-तीन दिवसांनी उचलतो, वापरायला आणखी दोन दिवस. परत करायची मुदत सात-दहा दिवसांची आणि पार्सल न्यायला पावसात कोणी फिरकत नाही. दीडशे रुपयांसाठी कोण मागे लागतो, म्हणून माणूस सोडून देतो. हलका माल विकणाऱ्याचा धंदा या सोडून देण्यावरच चालतो.

कायदा मात्र आपल्या बाजूचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि ऑनलाइन व्यापाराचे नियम जुलै २०२० पासूनचे. माल सदोष निघाला किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला तर विकणाऱ्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचे. माल कोणत्या देशात बनला हेही ॲपवर लिहिले पाहिजे. एवढे करून दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतूनही बोलता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विकणारा दिल्लीचा असला तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. ठाण्याला खेटे नकोत म्हणून १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' या संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार दाखल करायची सोय झाली आहे. दीडशे रुपयांसाठी आयोगापर्यंत कोणी जाणार नाही हे मलाही कळते. पण चार्जरने फोन जाळला, किंवा घरात कोणाला धक्का बसला, तर प्रश्न दीडशेचा राहत नाही.

एक सावधगिरी मात्र सगळ्यात आधी. पैसे परत मिळवण्यासाठी कंपनीचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे ठकांनी आपलेच नंबर कंपनीच्या नावाने टाकून ठेवलेले असतात. किन्हवलीकडच्या एका भाजीपाला शेतकऱ्याने १९९ रुपयांच्या केबलचे पैसे परत मागायला असाच फोन केला. पलीकडच्याने गोड बोलून एक ॲप उतरवायला लावले, 'रिफंडसाठी' पिन टाकायला सांगितला, आणि भेंडीचे आलेले अकरा हजार खात्यातून गेले. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, पैसे देतानाच लागतो. एवढे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. तक्रार नेहमी ज्या ॲपवरून माल घेतला त्याच ॲपच्या आतून करा. आणि फसलातच तर त्याच तासात १९३० ला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता तेव्हाच असते.

थोडे आपल्या यंत्रणेविषयीही बोलायला हवे. सगळा कारभार शेतकऱ्याच्या फोनवर नेऊन ठेवला, पण तो फोन चालू राहील का, याची जबाबदारी कोणाचीच नाही. पाहणीच्या दिवसांत ग्रामपंचायत कार्यालयात आणि शाळेत चार-सहा नोंदणीकृत चार्जर आणि दोन खऱ्या पॉवर बँका ठेवल्या तर खर्च किती येईल? पाच-सहा हजार. ग्राम महसूल अधिकारी, पाहणी सहायक आणि आम्ही मंडळी गावात फिरतो तेव्हा त्यातली एक पॉवर बँक आमच्या पिशवीत असली तर बांधावरून कोणाला परत पाठवावे लागणार नाही. शहापूर-मुरबाडच्या ज्या पाड्यांवर पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते, तिथून सुरुवात करावी. येत्या ग्रामसभेत कोणी हा विषय मांडला तर अंदाजपत्रक करून द्यायला मी तयार आहे.

डोळखांबच्या काकांची पाहणी पुढच्या आठवड्यात माझ्या पॉवर बँकेवर झाली. तो चार्जर मी त्यांच्याकडून मागून घेतला. आता गावातल्या बैठकांना जाताना बियाण्याच्या टॅगबरोबर तोही पिशवीत असतो. खोका, बिल आणि ऑर्डर क्रमांक मात्र मुलाने आधीच टाकून दिले होते, त्यामुळे तक्रार काही करता आली नाही.